मोडलं असेल तर मोडलेलंच द्या

माझी बायको बूट शिवते. दुकानात रांगेने मांडलेले असतात तसले नव्हेत. ज्यांचे दोन पाय एकसारखे नाहीत अशा माणसांचे. कुणाचा एक पाय आखूड असतो, कुणाची बोटं गेलेली असतात, कुणाची टाच जन्मापासून आत वळलेली असते. हे काम मुळात माझ्या वडिलांचं. त्यांनी ते मला शिकवायचा दोन वर्षं प्रयत्न केला आणि एके दिवशी माझ्या हातातली आरी काढून घेतली. म्हणाले, तू बस चालव. मी सत्तावीस वर्षं बस चालवतोय, माझी काही तक्रार नाही. लग्नानंतर बायको त्यांच्या शेजारी स्टूल घेऊन नुसती बघत बसायची. सहा महिन्यांनी बाबांनी तिला विचारलं, सूनबाई, बघतच राहणार की हात घालणार? तिने हात घातला तो घातलाच.

दुकान म्हणजे आमच्या घराचीच पुढची खोली. भिंतभर लाकडी साचे टांगलेले आहेत, प्रत्येक गिऱ्हाइकाच्या पायाचा वेगळा. एखाद्याचा पाय सुजला की साच्यावर चामड्याची पट्टी चढते, सूज उतरली की निघते. खिडकीशी शिलाई मशीन होतं. साध्या मशीनला खाली सपाट फळी असते, याला तिच्याऐवजी एक लांब, बारीक लोखंडी हात असतो. तयार बूट त्या हातात मोज्यासारखा चढवायचा, म्हणजे पार बोटांपर्यंत आतून टाका बसतो. दोन वर्षांपूर्वी त्या मशीनचं आतलं चाक तडकलं. त्याचे सुटे भाग कुणी बनवत नाही. नव्या मशीनचा हात जाड असतो, लहान मुलाच्या बुटात शिरत नाही. त्यामुळे बायको पुढचे टाके हाताने घालायची. तिच्या अंगठ्याचं पेर सुजून लिंबाएवढं झालं होतं, आणि विचारलं की ती म्हणायची, काही नाही, थंडीमुळे.

आमच्या लेकीने तिला लिलावाची एक साइट दाखवून ठेवली होती. दुपारी जेवण झालं की चष्मा नाकावर घेऊन ती फोनवर जुनी यंत्रं चाळत बसायची. वर्षभर हा उद्योग चालला होता. मी चेष्टा करायचो, तिच्यापर्यंत ती पोचायची नाही.

एका गोदामवाल्याने बंद पडलेल्या कारखान्याचं सामान लिलावात काढलं होतं. त्यात एक फोटो होता, अंधारा, मोडक्या खुर्च्यांच्या मागून काढलेला. खाली लिहिलं होतं, ‘जुनं लोखंडी शिलाई यंत्र, शोभेसाठी’. यंत्राचं डोकं तेवढं दिसत होतं आणि डोक्यावर एक चाक. बायकोने त्या चाकावरून ओळखलं, हे बारीक हाताचं, बूट शिवायचं मशीन आहे. बाबांना फोटो दाखवला. त्यांनी फोन डोळ्यांपासून लांब धरला, जवळ धरला, आणि एवढंच म्हणाले की चाक वर असलेलं मशीन त्यांनी उभ्या आयुष्यात तीनदा पाहिलंय.

लिलाव चार दिवस चालला. बोली लावणारं तिच्याशिवाय दुसरं एकच माणूस होतं, तेही शेवटच्या दिवशी गळालं. तिच्या बुटांच्या दोन जोडांना जेवढे पैसे पडतात तेवढ्यात ते मशीन तिच्या नावावर लागलं. साइटने अभिनंदन केलं. तिने त्याच मिनिटाला पैसे भरले आणि मला फोन केला. मी डेपोत हात धूत होतो. ती म्हणाली, “मिळालं.” आणि फोन ठेवला.

तीन दिवसांनी गोदामवाल्याचा निरोप आला. मशीन हलवताना वरून पडलं, मोडलं, सौदा रद्द समजावा. पैसेही परत आले. त्या दिवशी ती खिडकीशी बसून एका शिक्षिकेच्या बुटाचा तळ बसवत राहिली. आठ दिवसांनी तेच मशीन पुन्हा साइटवर आलं. आता स्वच्छ पुसलेलं, चांगल्या उजेडात, चारी बाजूंनी फोटो, आणि खाली ‘दुर्मिळ’. सुरुवातीची बोलीच तिच्या किमतीच्या सहापट.

मी तिला म्हटलं, सोडून दे. पैसे परत आलेत, आपलं काय गेलं? आज या गोष्टीची मला लाज वाटते, पण म्हटलं होतं हे खरं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “अहो, माझं मशीन गेलं.”

मग ती कामाला लागली. आधी दोन्ही जाहिरातींचे फोटो फोनमध्ये साठवून ठेवले. साइटला तक्रार केली. साइटचं उत्तर गोड होतं. विक्रेत्याला समज दिली आहे, तुम्हाला झालेल्या त्रासाबद्दल पुढच्या खरेदीवर सवलतीचं कूपन देत आहोत. तिने उलट लिहिलं की मला सवलत नको, मी मागितलेलीही नाही. मी पूर्ण किंमत भरली होती. तिकडून पुन्हा कूपन आलं. अशी तोंडाला पानं पुसून घेणाऱ्यातली ती नव्हे. तिने ग्राहक तक्रार कार्यालयाचा पत्ता शोधला आणि हाताने तीन पानी अर्ज लिहिला. अर्ज मी वाचला. त्यात रागाचा एक शब्द नव्हता. अमुक तारखेला हे झालं, तमुक तारखेला ते झालं, सोबत फोटो जोडले आहेत. शेवटी एकच मागणी होती: निकाल लागेपर्यंत ते मशीन दुसऱ्या कुणाला विकलं जाऊ नये. कार्यालयाने तसं पत्र धाडलं आणि दुसरी जाहिरात साइटवरून उतरली.

सुनावणीच्या दिवशी मी रजा घेतली. वकील करू या म्हणत होतो, तिने नको म्हटलं. मशीनबद्दल वकिलाला सगळं समजावून सांगण्यापेक्षा आपणच बोललेलं बरं, असं तिचं म्हणणं. तिने नेहमीचेच कपडे घातले होते, फक्त बोटांवरचा डिंक खरवडून काढला होता.

खोली लहानशी होती. लांब टेबल, फायलींचं कपाट, टेबलापलीकडे एक अधिकारी बाई. गोदामवाला आमच्या आधी येऊन बसला होता. मला वाटलं होतं कुणीतरी खवट म्हातारा असेल. हा पस्तिशीतला, इस्त्रीच्या शर्टातला, बोलायला नम्र. आम्ही आलो तशी त्याने खुर्ची सरकवून वाट करून दिली. त्याने अधिकारी बाईंना शांतपणे सांगितलं की मशीन खरोखर पडलं, त्याचा नाइलाज झाला, पैसे त्याने ताबडतोब परत केले, त्याची नियत साफ आहे.

अधिकारी बाईंनी बायकोकडे पाहिलं.

बायको म्हणाली, “मोडलं असेल तर मोडलेलंच द्या.”

गोदामवाल्याला वाटलं आपल्या ऐकण्यात काहीतरी चूक झाली. “ताई, ते आता भंगार आहे. तुमच्या काय कामाचं?”

“मी पैसे भरले तेव्हापासून ते भंगार माझं आहे. दुरुस्त कसं करायचं ते माझं मी बघीन. किंमत तीच देते, एक पैसा कमी करा म्हणत नाही.”

माझ्या लक्षात आलं की या माणसाने ‘मोडलं’ हा शब्द भिंतीसारखा उभा केला होता आणि बायकोने त्या भिंतीला धक्कासुद्धा मारला नव्हता, नुसती वळसा घालून पलीकडे जाऊन उभी राहिली होती. तो मोडलेलं मशीन देऊ शकत नव्हता, कारण मोडलेलं मशीन नव्हतंच.

मग तो म्हणाला की ते आता त्याच्याकडे नाही, आणि नंतर साइटवर दिसलं ते तसंच दुसरं होतं. अधिकारी बाईंनी विचारलं, तसंच दुसरं? बायकोने पिशवीतून दोन छापील फोटो काढून टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. पहिल्या अंधाऱ्या फोटोत चाकाच्या कडेला एक टवका उडालेला होता, दाताने चावल्यासारखा. दुसऱ्यातही तिथेच, तेवढाच. अधिकारी बाईंनी चष्मा पुसून पाहिलं आणि फोटो त्याच्याकडे सरकवले. त्याने ते बराच वेळ पाहिले, खरं तर पाहायची त्याला काही गरज नव्हती.

शेवटी तो म्हणाला की चूक झाली. पण बोली फार कमी आली होती. त्याला त्या यंत्राची खरी किंमत नंतर कळली, एका हॉटेलवाल्याने सांगितली. एवढ्या कमीत कुणी दिलं असतं का? हे तो अगदी मनापासून विचारत होता, आणि माझ्या मनात आलं की याच्या जागी मी असतो तर मीही कदाचित हेच विचारलं असतं.

बायको मग म्हणाली, “मी बुटाचा जोड ठरवून घेते तेव्हा वाटतं आठ दिवसांत होईल. पायच असा निघतो की वीस दिवस जातात. तेव्हा माझंही नुकसान होतं. पण बूट पडला आणि मोडला, असं मी आजवर एकाही गिऱ्हाइकाला सांगितलेलं नाही.”

ती आवाज चढवून बोलली नाही. तिचा दुखरा अंगठा टेबलाच्या कडेवर टेकलेला होता. अधिकारी बाईंनी लिहायचं थांबवून त्या हाताकडे पाहिलं, मग पुन्हा लिहायला लागल्या.

गोदामवाल्याने तडजोड सुचवली. मशीन त्याच्याकडे राहू द्यावं, बदल्यात तो तिला तिच्या किमतीच्या तिप्पट देईल. मी टेबलाखाली तिच्या पायाला पाय लावला. माझा हिशेब साधा होता, काही न करता तिप्पट. तिने पाय बाजूला घेतला आणि म्हणाली की त्या पैशांत असं मशीन कुठे मिळत असेल तर त्यांनी दुकान दाखवावं, ती आत्ता जाऊन घेते. अधिकारी बाईंनी निकाल तिथेच सांगितला: पंधरा दिवसांत, फोटोत दिसतंय त्या स्थितीत, ठरलेल्या किमतीला, घरपोच.

कार्यालयाच्या पायऱ्या उतरताना ती माझ्यापुढे चालत होती. मी मुद्दाम मागे राहिलो. इतकी वर्षं शेजारून चालल्यामुळे ती चालते कशी हे मी नीट बघितलंच नव्हतं. ताठ चालते. बसथांब्यावर उभ्या असलेल्या एका अनोळखी माणसाला मला सांगावंसं वाटलं की ही माझी बायको आहे. सांगितलं नाही, पण वाटलं.

बाराव्या दिवशी सकाळी टेम्पो आला आणि त्यातून गोदामवाला स्वतः उतरला. चौघांनी मिळून मशीन आत आणलं. बाबा ब्याऐंशीचे आहेत, काठी टेकून दारात उभे होते. त्यांनी काठी माझ्या हातात दिली आणि दोन्ही हातांनी ते लोखंड चाचपलं, डोक्यापासून हाताच्या टोकापर्यंत. मग खाली वाकून वास घेतला. म्हणाले, तेल सुकलंय, बाकी तब्येत चांगली आहे.

गोदामवाल्याने सही घेतली, पण निघेना. दारात घुटमळत होता. बायकोने त्याला बस म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. तिने तेल घातलं, चिंध्यांनी पुसलं, मेण लावलेला दोरा ओवला. भिंतीशी एका मुलीचा बूट अर्धवट पडला होता. पाच वर्षांची, डावा पाय चार बोटं आखूड. तो बूट तिने मशीनच्या हातात चढवला. अलगद आत गेला, पार टोकापर्यंत. तिने वरचं चाक फिरवलं. चाक आधी कुरकुरलं, मग एका लयीत फिरायला लागलं, आणि बुटाच्या पुढच्या गोलाईवर टाके पडू लागले, एकसारखे, सरळ. तिने मशीन थांबवलं नाही. सबंध गोलाई पुरी केली, दोरा कापला आणि बूट उचलून बाबांकडे दिला.

गोदामवाला म्हणाला, “हे चालतं, ते मला माहीतच नव्हतं. हॉटेलवाला म्हणाला होता, काउंटरवर ठेवीन, छान दिसेल.”

“छान दिसतंच,” बायको म्हणाली, आणि मला चहा टाकायला सांगितलं, तीन कप नाही, चार.

चहा घेताना तो त्या मुलीबद्दल विचारत होता. जाताना त्याने सांगितलं की कारखान्याच्या सामानात सुयांचा एक डबाही आहे, तो पाठवून देतो. खरंच पाठवला.

आता बाबा प्रत्येक गिऱ्हाइकाला ही हकिकत सांगतात. सुनावणीला ते आले नव्हते, पण त्यांच्या सांगण्यात सूनबाई टेबलावर मूठ आपटते आणि गोदामवाल्याला घाम फुटतो. बायको शिवता शिवता म्हणते, बाबा, मी मूठ आपटली नव्हती. ते म्हणतात, तू गप्प बस, मी सांगतोय ना. गिऱ्हाईक बिचारं एक पाय मापाच्या कागदावर ठेवून सगळं ऐकून घेतं. डेपोत मीही सांगतो. मूठ आपटत नाही, पण ‘ते भंगार माझं आहे’ या वाक्यापाशी थांबतो, म्हणजे ऐकणाऱ्याला ते नीट पोचतं.

हे सगळीकडे पसरल्यामुळे हल्ली लोक फोन घेऊन येतात. परवा कोपऱ्यावरची शिंपीणबाई आली. तिने लिलावात एक सायकल जिंकली होती आणि विकणारा म्हणत होता की ती चोरीला गेली. शिंपीणबाई रडकुंडीला आली होती. बायकोने हातातला बूट बाजूला ठेवला, हात पुसले आणि कागद पुढे ओढला.

“रडू नका,” ती म्हणाली. “आधी तारीख सांगा.”