नव्या मॅनेजरचं स्वागत

"बाबा, तुम्ही नका येऊ आज. ऊन फार आहे," दिपाली पुन्हा म्हणाली.

केसरीनाथांनी कडक इस्त्रीच्या सदऱ्याची बटणं लावली. "उनाला भिनारा हाय का मी? शेटनी सोता बोलावलंय. माजी पोर मॅनेजर व्हनार नि मी घरान बसू?"

परवा यंत्रमाग कारखान्याच्या शेठनी दिपालीला केबिनमध्ये बोलावून जे सांगितलं, ते तिनं घरात कुणाच्याच कानावर घातलं नव्हतं. नव्या शेडचा मॅनेजर थेट कोरियाहून आला होता. मिस्टर हान.

"तुझं काम चांगलंच आहे, दिपाली," शेठ म्हणाले होते. "डिग्री आहे, जुने मॅनेजर गेल्यापासून सगळं तूच बघतेस. पण एक्स्पोर्टच्या पार्टीला फॉरेनचा माणूस दिसला की भरवसा वाटतो. तू त्यांची असिस्टंट राहा. त्यांना आपल्या कामगारांची भाषा कुठे येते?"

ती "हो सर" म्हणून बाहेर आली होती.

नोकरीपेक्षाही तिला बाबांची धास्ती होती. कारखाना उभा होता ती अंजूरची जागा त्यांचीच, भाताची. मोजणीला माणसं आली तेव्हा ते कोयता घेऊन बांधावर उभे राहिले होते. 'पोरीला शिकवा, तिला मोठ्या जागेवर घेऊ,' असा शब्द शेठनी दिला, तेव्हा कुठे हटले. त्या शब्दावर पोर टेक्स्टाइल इंजिनिअर झाली. आज तो शब्द चारचौघांत मोडणार होता. बाबा ओरडतील, अंगावर धावून जातील. शेठ पोलीस बोलावतील. उद्या गेटवर वॉचमननं आपल्याला अडवलं तर? भिवंडीत दुसरा कोण लूममालक बाईच्या हातात शेड देणार होता?

रिक्षात तरी सांगून टाकू, असं तिनं ठरवलं. पण बाबा रिक्षावाल्या पंढरीला हसत सांगत होते, "संध्याकालला घरी ये, पेढं खायाला." ती रस्त्याकडे बघत बसली.

नव्या शेडपुढच्या मांडवात जमिनी दिलेली गावातली माणसं पुढच्या रांगेत बसवली होती. दिपालीला शेठनी स्टेजवर उभं केलं, हानसाहेबांच्या मागे, दुभाषी म्हणून. साहेब पन्नाशीचे, अंगानं बारीक. गळ्यातला टाय पुन्हा पुन्हा सैल करत होते.

शेठनी माइक हातात घेतला. "आपल्या नव्या शेडचे मॅनेजर, खास कोरियाहून आलेले मिस्टर हान!"

टाळ्या वाजल्या. केसरीनाथांच्या शेजारचे दामूकाका वळून त्यांच्याकडे बघायला लागले. केसरीनाथ हलले नाहीत. मग त्यांची नजर स्टेजवर आली, लेकीला शोधत. दिपालीनं मान खाली घातली.

"आणि साहेबांचं स्वागत," शेठ पुढे म्हणाले, "ज्यांच्या जमिनीवर ही कंपनी उभी आहे, ते केसरीनाथदादा करतील."

बाबा उठले. जड पावलांनी पायऱ्या चढून आले. कुणीतरी त्यांच्या हातात गुच्छ दिला. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. आता फेकणार, दिपालीला वाटलं. ती त्यांच्या आड यायला एक पाऊल पुढे सरकली.

केसरीनाथांनी गुच्छ हानसाहेबांच्या हातात दिला. मग दोन्ही हात जोडले.

"सायेब," ते हलक्या आवाजात म्हणाले, "माजी पोर तुमच्या हाताखाली हाय. काय चुकली तं सांभालून घ्या. तिला काडू नका, सायेब."

त्यांचा आवाज कापत होता. कोयता घेऊन उभ्या राहिलेल्या या माणसाचा असा आवाज दिपालीनं आजवर ऐकला नव्हता. आपण सकाळपासून त्यांच्या रागाला भीत होतो. हे बघण्यापेक्षा तो राग परवडला असता.

हानसाहेब गोंधळून तिच्याकडे वळले आणि तुटक्या इंग्रजीत विचारू लागले, हे कोण, काय म्हणाले?

"माझे वडील," दिपाली इंग्रजीत म्हणाली. "तुमचं गावात स्वागत आहे म्हणाले."

हानसाहेबांचा चेहरा उजळला. गुच्छ छातीशी धरून ते त्यांच्या रीतीप्रमाणे कमरेत वाकले, चांगले खोल. केसरीनाथ दचकले. साहेब आपल्यापुढे का वाकला ते त्यांना कळेना. काही चुकलं की काय असं वाटून ते घाईनं त्याच्याहून खाली वाकले.

टाळ्या पुन्हा सुरू झाल्या. हानसाहेब सरळ झाले, तरी केसरीनाथ वाकलेलेच होते. दिपालीनं पुढे होऊन त्यांचा दंड धरला, त्यांना उभं केलं आणि सगळ्यांच्या देखत हळूहळू पायऱ्या उतरवत खाली आणलं.