तिसऱ्या मजल्यावरचा पहिलवान

मी एक जुना दरवाजा आहे. तिसऱ्या मजल्यावर जिन्याच्या आणि घरांकडे जाणाऱ्या बोळाच्या मध्ये उभा आहे. मित्रांनो, नाकं मुरडू नका. मला कडी नाही, नावाची पाटी नाही. चोर अडवणं माझं कामच नव्हे. मी धूर अडवतो. म्हणजे, अडवायला हवा होता.

मला एका इंजिनिअर बाईंनी आखलं. माझ्या कडांना त्यांनी तापल्यावर फुगणारी पट्टी बसवली, खालच्या फटीला ब्रश लावला आणि माथ्यावर स्प्रिंगचा हात दिला. कुणीही लोटून गेलं की मी आपोआप मिटायचो. कारखान्यात त्यांनी माझ्या एका बाजूला धूर सोडला आणि दुसऱ्या बाजूला स्वतः खुर्ची टाकून बसल्या. अर्धा तास बसल्या, एकदाही खोकल्या नाहीत. "शाब्बास रे!" म्हणत त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. तेवढंच काय ते कौतुक माझ्या वाट्याला आलं.

इमारतीत मजल्यामजल्यावर माझे भाऊ बसले. माझ्या मजल्यावर एक आजोबा होते. वॉकर घेऊन चालायचे. मला लोटताना त्यांची दमछाक व्हायची, तरी म्हातारा हसायचा. "काय पहिलवान, आज तरी हरणार का?" मला फार आवडायचे ते.

एक दिवस मी मिटताना त्यांच्या वॉकरला धक्का लागला आणि आजोबा कोलमडले. सून धावत आली. "बाबा, लागलं का हो? मेलं हे दार!" दुसऱ्याच दिवशी तिने सुताराकडून लाकडाची पाचर करून आणली आणि माझ्या पायाशी ठोकली. मी उघडा राहिलो. आजोबा माझ्याजवळच खुर्ची टाकून जिन्यातली ये-जा बघू लागले. तिला काय दोष देऊ? मायेनेच केलं तिने ते.

तपासणीचे साहेब वर्षातून एकदा येत. त्या सकाळी सोसायटीचे सेक्रेटरी वर येऊन पाचर काढून पिशवीत टाकत. साहेब मला लोटून बघत, मी झोकात मिटे. "उत्तम!" असा शेरा पडे. साहेब गाडीत बसले की पाचर परत जागेवर. मला ओरडता आलं असतं तर!

मग ती दुपार आली. सून औषधं आणायला खाली गेली होती, आजोबा खुर्चीत पेंगत होते. तळमजल्यावरच्या मीटरच्या खोलीने पेट घेतला आणि काळाकुट्ट धूर जिन्यातून वर चढला. दुसऱ्या मजल्यावरचा माझा भाऊ मिटलेला होता, चौथ्यावरचाही. मी सताड उघडा. स्प्रिंगचा हात मला ओढत होता, मीही जीव खाऊन ओढत होतो, पण पाचर तसूभरही हलली नाही. खालून सुनेचा आवाज आला, "अहो, वर बाबा आहेत! दार उघडं आहे, मीच पाचर लावलीय!" आजोबांनी एकदा माझ्याकडे हात केला. नंतर मला काहीच दिसलं नाही.

दुसऱ्या मजल्यावरचे सगळे वाचले. चौथ्यावरचेही. माझ्या मजल्यावर आजोबा एकटेच होते, ते गेले.

दोन दिवसांनी सून आली. सगळी फरशी काजळीने काळी झाली होती. पाचर काढली तर तिच्याखाली तेवढाच पांढरा तुकडा उरलेला. ती त्याच्यावर हात ठेवून किती तरी वेळ बसली. इंजिनिअर बाईही आल्या होत्या. मला वाटलं, रागावतील. त्या सुनेशेजारी खाली बसल्या आणि म्हणाल्या, "चूक माझीही आहे हो. वॉकर घेऊन कुणी जाईल, हे मी हिशेबात धरलंच नव्हतं."

आता मला नवा रंग दिलाय. सून येता-जाता मी नीट मिटलोय ना, हे हाताने चाचपून बघते. पण आत कुणी वाट बघत नाही.

मित्रांनो, दार जड वाटलं तर ते सैल करून घ्या, मोठ्याने भांडा, पण त्याच्या पायात पाचर मारू नका. मी हे कुणाला सांगतोय कोण जाणे. परवाच खालून ठोकण्याचा आवाज आला. दुसऱ्या मजल्यावर, माझ्या भावाच्या पायाशी.