जोखमीच्या कागदावरची सही

फंडाकडून आलेल्या थिबोडोबाईंनी चहाचा कप बाजूला सरकवला आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर एकोणीस कागद एकाखाली एक मांडले. विसावा, यंदाच्या ऑगस्टचा, त्यांनी वेगळा ठेवला.

"मिसेस मॅकॅस्किल, या एकोणीस सह्या एकाच हाताच्या आहेत," त्या म्हणाल्या. "ही विसावी त्या हाताची नाही."

व्हर्नाने कागदाकडे पाहिलंच नाही. तिने पाहिलं हॅल्डेनकडे. झेंडेवाल्यांचा हा म्होरक्या कपाच्या कानाशी चाळा करत बसला होता. सात आठवडे तोच हा दावा रेटत होता. तिच्या नवऱ्याची, लॉर्नची सही त्या कागदावर असणं शक्य नाही, हे व्हर्नाइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तेव्हा ती कुणी ठोकली असेल, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

जुन्या विमानपट्टीवरच्या त्या मोटारशर्यतीच्या ट्रॅकवर सगळे फुकट राबायचे. मिळायची एक टोपी आणि जेवणाचं कूपन. सकाळी फाटकाजवळच्या खोपटात जोखमीच्या कागदावर सही करायची, मग गाड्यांना झेंडे दाखवायला वळणावर जायचं. काही बरंवाईट झालं तर क्लबांचा फंड घरच्यांना सांभाळायचा, पण त्या कागदावर सही असेल तरच. सही नाही तर माणूस तिथे नव्हताच. नवरे पहाटे गाडीतून झेंडे आणि आग विझवायच्या नळकांड्या उतरवत असायचे, म्हणून रांगेत बायका उभ्या राहायच्या आणि दोघांच्याही सह्या ठोकून मोकळ्या व्हायच्या. नियम मोडतोय असं कुणाच्या मनातही यायचं नाही. धुक्यात उभं राहून गप्पा मारायला तेवढंच निमित्त. कर्स्टी तेव्हा एवढीशी होती, टायरांच्या ढिगावर कोट पांघरून झोपायची. रेडिओवरून लॉर्न हळूच विचारायचा, "पिल्लू उठलं का?" आणि अख्ख्या ट्रॅकला ते ऐकू जायचं. किती सुखाचे दिवस होते ते, आणि त्यांना सुख म्हणतात हे कुणी सांगितलंही नाही.

यंदा मात्र येताना गाडीतच दोघांचं वाजलं होतं. हे शेवटचं वर्ष, असा शब्द लॉर्नने दिला होता, आणि आदल्याच रात्री हॅल्डेनला पुढच्या वर्षाचा होकार देऊन बसला होता. खोपटात व्हर्नाने फक्त आपली सही केली. "माझं झालं. तुझं तू बघ," म्हणाली आणि गाड्यांच्या वेळा नोंदवायला टायमिंगच्या खोलीकडे तरातरा निघून गेली. दुपारी सव्वादोनला चौथ्या वळणावर एक गाडी भिंतीवरून पलीकडे गेली. पलीकडे लॉर्न उभा होता.

तेव्हापासून तिला धड झोप नव्हती. कर्स्टीची नर्सिंगची दोन वर्षं राहिली होती. तिची फी भरायची तर फंडाचा पैसा हवा होता, नाहीतर हे घर विकायचं. आणि तो पैसा आपणच, एका फणकाऱ्यात, पोरीच्या तोंडचा काढून घेतला, हे तिने कुणालाही सांगितलं नव्हतं.

"सही खोटी ठरली तर?" तिने विचारलं.

"तर दावा संपला. शिवाय ती कुणी केली याची चौकशी होईल."

"माझ्याकडे काय बघतेस?" हॅल्डेन एकदम म्हणाला. "देवाशपथ मी नाही केली."

"मग काय कागदाने आपली आपण केली?"

"अगं, बघ तरी आधी!"

व्हर्नाने डोक्यावरचा चष्मा नाकावर ओढला. नाव वाकडंतिकडं होतं, अक्षरं मागे रेललेली, आणि सगळ्यावरून डावीकडून उजवीकडे शाई फरफटत गेलेली. डावखुऱ्या माणसाचा तळवा ओल्या शाईवरून जातो, तसा फराटा.



हा फराटा तिने तेवीस वर्षं पुसला होता, टेबलावरून, मेणकापडावरून, त्याच्या बाहीवरून. महत्त्वाचं काही असलं की ती त्याच्या हातातून पेन काढून घ्यायची. तू नको, सगळं बरबटवशील. चेक, नाताळची कार्डं, कर्स्टीची प्रगतिपुस्तकं, सगळ्यावर लॉर्न मॅकॅस्किल तिच्याच वळणात लिहिलेला. तो हसायचा. बायका नवऱ्याचं आडनाव घेतात, हिने अख्खं नावच घेतलं, असं चारचौघांत सांगायचा.

म्हणजे ती गेल्यावर तो रांगेत उभा राहिला होता. आपला आपण.

"ही त्याचीच आहे," ती म्हणाली.

"मग या एकोणीस?"

हॅल्डेनने मान किंचित हलवली. नको, असं. फंडाला हे कळलं तर अख्ख्या क्लबाची झाडाझडती होणार, हे तिलाही कळत होतं. दावाही बुडू शकला असता. एकोणीस वर्षं फसवलंत म्हणून विसावंही गेलं असतं. पण त्याची एवढी एकच खरी सही, आणि तिलाच सगळे खोटी म्हणत होते.

"त्या माझ्या," व्हर्ना म्हणाली. "एकूण एक. यंदा भांडण झालं होतं, म्हणून मी केली नाही. लिहा बाई, सगळं लिहा."

थिबोडोबाईंनी लिहून घेतलं. मग त्यांनी विचारलं, "त्यांच्या हातचं आणखी काही आहे?"

व्हर्ना उठली. मग तिने फ्रीझर उघडला आणि ब्लूबेरीचा डबा आणला. वरच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, जॅमसाठी, कर्स्टीने हात लावू नये. शाई फरफटलेली. तो डबा उघडायचा तिला धीर झाला नव्हता.

बाईंनी चिठ्ठी कागदाशेजारी धरली, दोनदा पाहिली. "चालेल," त्या म्हणाल्या. "जुन्या सह्यांबद्दल क्लबला पत्र येईल, ते टळणार नाही. पण आम्हाला प्रश्न या वर्षाचा आहे, आणि या वर्षी त्यांनी सही केलीय. दावा मंजूर करा असंच मी लिहिणार." मग त्यांनी कागदाची दुमडलेली कड उलगडली. "म्हणजे हेही त्यांचंच. कुणाला कळवायचं, तो रकाना. दरवर्षी इथे तुमचं नाव आणि फोन असतो. यंदा भलतंच काहीतरी आहे, म्हणून आमचा संशय वाढला."

व्हर्नाने वाचलं.

बायको. टायमिंगच्या खोलीत आहे. रागावलीय. हळू सांगा.



"मी वाचलं होतं ते," हॅल्डेन खाली बघत म्हणाला. "त्या दुपारी, तुझ्याकडे यायच्या आधी. म्हणून तुला बाकावर बसवलं आणि धुक्याबद्दल काहीबाही बरळत राहिलो."

"मला वाटलं, तुझी सांगायची हिंमत होत नाहीये."

"ती तर नव्हतीच."

व्हर्नाने कागद टेबलावर ठेवला. आता एकच गोष्ट उरली होती, आणि ती विचारायला तिला सात आठवडे भीती वाटत होती.

"हॅल्डेन, खरं सांग. बारा वाजता मी पाण्याच्या गाडीबरोबर त्याला डबा पाठवला होता. पोचला का रे त्याला?"

"पोचला ना," हॅल्डेन म्हणाला. "मी तिथेच होतो. उघडून म्हणतो कसा, काकडीचं लोणचं घातलंय, म्हणजे राग उतरला. मला एक घाससुद्धा दिला नाही लेकाच्याने."