सहा बटणांचा अहवाल

शिवणयंत्रावर बसणाऱ्याचा खरा शत्रू दिसत नाही. वरचं रीळ डोळ्यांसमोर फिरत असतं, पण खाली बॉबिनमधला दोरा कधी संपला ते कळत नाही. तुम्ही आपले पाय मारत राहता, आणि हातभर शिवण झाल्यावर लक्षात येतं की कापडाला नुसती भोकं पाडलीत. एकोणीस वर्षं मी हा छळ सोसला. मग जुन्या घड्याळाच्या स्प्रिंगची एक पत्ती कापून बॉबिनवर टेकेल अशी बसवली. दोऱ्याचे शेवटचे चार वेढे उरले की पत्ती खाली सरकते आणि टिकटिक वाजायला लागते. एवढीशी गोष्ट, पण ती जमायला चार वर्षं गेली. मी तिला टिकटिकी म्हणते.

माझा थोरला भाऊ विमा कचेरीत कारकून आहे. छापील कागद दिसला की त्याची मान आपोआप झुकते. टिकटिकी पाहून तो म्हणाला, "हे काम आपलं नव्हे. आपल्याला कंपन्यांच्या दारात कोण उभं करणार? त्यासाठी एजन्सी असतात. शोध तुझा, खटपट त्यांची." अशी एक एजन्सी त्यानेच शोधली आणि वस्तू तपासून अहवाल द्यायची फीसुद्धा स्वतःच्या खिशातून भरली. आता तोंड उघडायची सोय राहिली नाही. मी एक टिकटिकी आणि ती कशी बसवायची याची चिठ्ठी अस्तराच्या तुकड्याच्या पिशवीत घातली, तोंडाला लाल दोऱ्याचे चार टाके घातले, आणि पाठवून दिली. गिऱ्हाइकांची उरलेली बटणं, हूक मी अशाच पिशवीतून परत देते. हाताला सवयच आहे.

महिन्याने अहवाल आला. बत्तीस पानं, गुळगुळीत वेष्टन. अकरा यंत्रांवर चाचणी, तीन तज्ज्ञांची मतं, निकाल उत्कृष्ट. पान चौदावर लिहिलं होतं, 'इशाऱ्याचा ध्वनी सुस्पष्ट ऐकू येतो.' खोटं कशाला सांगू, ते वाचून मी रडले. चार वर्षांत या वस्तूला कुणी चांगलं म्हटलं नव्हतं. दादासुद्धा तिला 'तुझी ती कटकट' म्हणायचा.

आठवड्याने एजन्सीचा माणूस करारनामा घेऊन दुकानात आला. बुटांना चकाकी, बोलण्याला त्याहून जास्त. माझ्या कटिंगच्या टेबलावरचं कापड बाजूला सरकवून त्याने कागद मांडले. त्याने कापड सरकवलं तेव्हाच माझं डोकं फिरलं होतं, पण दादा समोर होता म्हणून मी मूग गिळून बसले.

"फक्त सही, ताई. बाकी सगळं आम्ही बघतो."

मी सावकाश वाचते, पण वाचते. सहाव्या कलमावर बोट थांबलं. सात वर्षं सगळे हक्क एजन्सीकडे. तेवढ्या काळात मी टिकटिकी बनवायची नाही, विकायची नाही, कुणाला बसवूनही द्यायची नाही.

"शेजारणीच्या यंत्रालाही नाही?"

"नियम आहे, ताई. सगळेच शोधक सही करतात."

"आणि सात वर्षांत तुम्ही ती कुणालाच विकली नाहीत तर?"

"असं कसं होईल? अहवाल पाहिलात ना?"

दादाने पेन माझ्या हातात दिलं. "अगं, लक्ष्मी दारात आलीय आणि तू कलमं मोजतेस!" मला सही करायची नव्हती. पण त्या बत्तीस पानांनी मला बांधून टाकलं होतं. ज्यांनी माझी वस्तू अकरा यंत्रांवर चालवून पाहिली, त्यांच्यावर संशय कसा घ्यायचा? मी पेनचं टोपण काढलं.

तेवढ्यात निवृत्त हेडमास्तर आत आले. गेल्या महिन्यात मी त्यांच्या कोटाला नवं अस्तर आणि नवी बटणं लावून दिली होती. जुनी बटणं त्यांच्या वडिलांची, म्हणून जपून परत द्यायची होती.

"बाई, माझी सहा बटणं कुठायत?"

"दिली की. कोटाच्या खिशात, पिशवीत."

"त्या पिशवीत बटणं नव्हती. एक पत्ती होती आणि एक चिठ्ठी."

दोन पिशव्या, एकाच अस्तराच्या, एकाच दिवशी बांधलेल्या. मास्तरांकडे टिकटिकी गेली असेल, तर एजन्सीकडे काय गेलं?

मी पेन खाली ठेवलं. "साहेब, माझा नमुना आणलाय?"

"अर्थात! आमच्याकडे नमुना अगदी सुरक्षित असतो." त्याने बॅगेतून पिशवी काढली. तोंडावर माझे चार लाल टाके जसेच्या तसे होते. मी त्याच्या हातात कात्री दिली. त्याने टाके कापले, आणि वडिलोपार्जित सहा बटणं टेबलावर घरंगळली.

दादाने अहवाल उघडला, पान चौदा काढलं आणि एक बटण उचलून कानाशी धरलं. मग ते टेबलावर आपटून पाहिलं. त्याचा चेहरा बघून मला हसू आलं आणि कीवही आली. फी त्याचीच गेली होती.

"अकरा यंत्रांवर बटणं चालवलीत?" मी विचारलं.

"ताई, शब्द धरून बसू नका. या धंद्यात अशीच पद्धत असते. कंपन्या वस्तू बघत नाहीत, अहवाल बघतात." त्याला लाजही वाटत नव्हती. "आणि आमच्याशिवाय तुम्हाला विचारणार कोण?"

"मी विचारतोय ना," मास्तर म्हणाले. "नुसत्या बटणांसाठी नव्हे, मी त्या पत्तीसाठीही आलोय. माझ्या बहिणीने चिठ्ठी वाचून ती आपल्या यंत्राला बसवली. पंधरा दिवस झाले, काढू देत नाही. तिच्या शिवणवर्गात आणखी सात यंत्रं आहेत. म्हणते, सात आण, नाहीतर घरी येऊ नकोस."

आता मात्र मला रडूही आलं नाही. चार वर्षं ज्या तपासणीची वाट पाहिली, ती एका बाईने आपल्या घरी करून टाकली होती. तिला ना फी मिळाली होती, ना कुणी तज्ज्ञ म्हटलं होतं. तिने पिशवी उघडली होती, एवढंच.

मी करारनामा एजन्सीवाल्याच्या हातात परत दिला. "एजन्सी वाईट असतात असं मी म्हणत नाही. वस्तू उघडून बघणारी एखादी असेलही. ती आली तर तिला चहा देईन, आणि सहावं कलम खोडून मग बोलेन. तुम्ही उंटावरून शेळ्या हाकता. माझ्या चार टाक्यांना तुम्ही हात लावला नाहीत, माझ्या सात वर्षांना कसा लावू देऊ?"

"पस्तावाल, ताई."

"पस्तावेन. पण माझ्याच यंत्रावर बसून पस्तावेन."

मास्तरांना बसायला स्टूल दिलं, सरकवलेलं कापड पुन्हा टेबलावर ओढलं आणि अर्धवट राहिलेली बाही शिवायला घेतली. लक्ष दाराकडे होतं, म्हणून शिवण जरा वाकडी गेली. ती नंतर उसवावी लागली.

एजन्सीवाला बॅग भरून दाराशी पोचला आणि माझ्या यंत्राखालून टिकटिक सुरू झाली. तो थबकला. वळून म्हणाला, "हा कसला आवाज?"

दादाने अहवाल त्याच्यापुढे धरला.

"पान चौदा," तो म्हणाला. "सुस्पष्ट ऐकू येतो."