गोधडीच्या पोटातली पोपटी साडी

“आई, मेलेल्या माणसांचे कपडे हातात घेताना तुला भीती नाही का वाटत?”

मित्रांनो, ऋतुजाने हा प्रश्न विचारला तेव्हा मी तिथेच, एका प्लास्टिकच्या पिशवीत घडी होऊन बसले होते. खरं तर प्रश्न तिचा नव्हताच. स्पृहा आणि वल्लरी या तिच्या मैत्रिणींनी जिन्यात पैज लावली होती, की ऋतुजा हे आईला तोंडावर विचारणारच नाही. आता दोघी दाराआड उभ्या राहून, तोंडावर हात दाबून हसत होत्या. नववीपर्यंत ऋतुजा वर्गात मागच्या बाकावर गप्प बसायची म्हणे. यंदा दहावीत तिने वक्तृत्व स्पर्धेत नाव दिलं, चक्क सगळ्या शाळेसमोर बोलली, आणि तेव्हापासून तिच्यावर पैज लावायची सोय राहिली नाही.

तिची आई हेमाताई गोधड्या शिवते. ती सुईत दोरा ओवत होती. “भीती कसली? आधी धुऊन घेते की,” ती म्हणाली.

“जिवंत गिऱ्हाइकांची वाटते तिला,” बाबा पेपरातून डोकं न काढता म्हणाले. बाबा म्हणजे श्यामराव. ते बुधवार पेठेत पुस्तकांच्या दुकानात काम करतात आणि घरी बोललेलं एकही वाक्य मोकळं सोडत नाहीत.

तर ते ‘मेलेल्या माणसांचे कपडे’ म्हणजे मी. मी एक जुनी साडी आहे. नऊवारी, सुती, पोपटी रंगाची, तांबड्या काठाची. पोपटी हे मी सवयीने म्हणते. आता माझा रंग पालेभाजी उकडलेल्या पाण्यासारखा झालाय. ऋतुजाचा प्रश्न ऐकून मला वाईट वाटलं का? थोडं वाटलं. मेली ती माझी मालकीण होती. मी नव्हते ना.

माझा जन्म इचलकरंजीच्या मागावर झाला. सगळीकडे खटखटाट, त्यामुळे शांतता मला पुढे कधी मानवलीच नाही. तिथून मी पुण्यात आले, तुळशीबागेजवळच्या एका दुकानात. दुकानदार फार प्रेमळ. सरुबाई समोर येऊन बसली तर म्हणाला, “बाई, घेणार असाल तरच उलगडतो.”

“मग उलगडा की. घ्यायलाच आलेय, गप्पा हाणायला न्हाई.”

त्याने मला उलगडलं. सरुबाईने हात फिरवला आणि दुसरी साडी काढूच दिली नाही.

सरुबाई मार्केट यार्डात सुटी फुलं विकायची. झेंडू, शेवंती, मोसमात अस्टर. मला पहिल्यांदा नेसून गेली तेव्हा शेजारच्या गाळ्यावरची बाई म्हणाली, “सरू, आज लगीन कुणाचं हाय?” सरुबाई म्हणाली, “माझंच समज.” त्या दिवशी मी इतकी कडक होते की बसताना आवाज करायची. एवढं कौतुक पुन्हा कुणी केलं नाही, पण एक दिवस का होईना, झालं.

पुढे माझ्या पदराला जी कामं लागली ती कुठल्या साडीला सांगून पटायची नाहीत. गरम चहाचा पेला धरायचा पदराने. फुलांवर पाणी मारून झालं की हात पदराला. ओला झेंडू पदरात भरून न्यायचा, आणि त्याचा एक पिवळट तपकिरी डाग पदराच्या कोपऱ्यात कायमचा राहिला. सरुबाईचा विक्रम तेव्हा लहान होता. तो फुलांच्या पाट्यांमागे पोत्यावर झोपायचा, त्या डागाचा कोपरा मुठीत धरून. सरुबाई तशीच अडकून बसायची. गिऱ्हाइक आलं की म्हणायची, “पदराखाली पोरगं निजलंय. तुमचं तुम्ही उचला.” आणि लोक खरंच उचलायचे. मित्रांनो, मी फक्त साडी नव्हते, मी छप्पर होते.

विक्रम मोठा झाला. त्याने स्वतःचा टेम्पो घेतला आणि दर दिवाळीला आईला साडी आणायला लागला. जरीची, झुळझुळीत, भारी. सरुबाई ती शेजारणींना दाखवायची, नावाजायची, आणि घडी घालून कपाटात ठेवायची. नेसायला पुन्हा मीच. मी विरत गेले तशी घरापुरती उरले, मग झोपण्यापुरती. मग एके दिवशी सरुबाईच उरली नाही. कपाटात त्या जरीच्या साड्यांच्या खाली मला कोंबलं तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की त्यांना अजून दुकानाचाच वास येतो.

पुढच्या वर्षी विक्रमने त्यातल्या दोन जरीच्या साड्या आणि मला पिशवीत भरलं. कात्रजला डेअरीच्या मागच्या सोसायटीत हेमाताईच्या दारात उभा राहून तो म्हणाला, “आईच्या साड्या हायेत. गोधडी करा.”

“बरं,” हेमाताई म्हणाली.

“कधी येऊ?”

“पुढच्या शनिवारी.”

झालं. दोघंही असे, की बोलणं जपून वापरावं लागतं अशी त्यांची समजूत. यातल्या एकाने जरी आणखी एक वाक्य खर्च केलं असतं, तर मला तुम्हाला सांगण्यासारखं काही घडलंच नसतं.

या घरात गोधडी हॉलमध्ये जमिनीवर मांडली जाते. मांडली की हॉल तिचा. सगळ्यांनी जेवायला स्वयंपाकघरात जायचं. बाबा सोफ्याकडे जाताना भिंतीला पाठ लावून, खेकड्यासारखे आडवे सरकत जातात. “आमच्याकडे पाहुणी झोपलीय,” असं शेजाऱ्यांना सांगतात. मला हे घर आवडलं. इथे सतत कोणीतरी बोलत होतं.

आता गोधडी शिवणारी कुठलीही बाई जे करते तेच हेमाताईने केलं. धड साड्या वर आणि पाठीला, विरलेली साडी पोटात. विरलेली मऊ असते, ऊब तिच्यात असते, आणि वर घातली तर टिकत नाही. त्यात हेमाताईची स्वतःची एक सवय होती. पोटात जाणाऱ्या साडीचा पदर ती नेहमी डोक्याकडच्या बाजूला ठेवायची. पायाकडे पदर गेलेला तिला चालायचा नाही. मला तिने चारपदरी अंथरलं, तळहाताने सुरकुत्या काढल्या. इतक्या हळू मला खूप दिवसांत कुणी हात लावला नव्हता. आणि मग एक जांभळी जरीची साडी वरून आली आणि अंधार झाला.

त्या अंधारात मी फक्त ऐकत होते, बाकीचं घरातल्यांच्या बोलण्यावरून कळत होतं. सुई खाली जायची, वर यायची. काठाने नारिंगी त्रिकोणांची रांग लागली. चार कोपऱ्यांत चार पक्षी बसले. स्पृहा आणि वल्लरी फोटो काढायला आल्या. “काकू, काय भारी दिसतेय,” स्पृहा म्हणाली. गोधडी भारी दिसत होती, यात वाद नाही. पण मित्रांनो, जत्रेला न्यायचं आणि डोळे बांधून बसवायचं, तसं माझं झालं होतं.

शनिवारी विक्रम आला. हेमाताईने गोधडी त्याच्यासमोर उलगडली. त्याने पक्षी बघितले, जरीवरून बोट फिरवलं, गोधडी उलटी करून बघितली. “चांगली झालीय,” तो म्हणाला. पुन्हा सुलटी केली. “ती पोपटी कुठंय?”

“ती आत आहे. पोटात,” हेमाताई म्हणाली. “फार विरली होती ना.”

“बरं.” तो उठला नाही. शेवटी ऋतुजाने विचारलं, “काका, तीच का हवी होती?”

“ह्या दोन्ही आईनं कधी नेसल्याच न्हाईत,” तो म्हणाला. “मीच आणल्या होत्या. ह्या पांघरल्या की दुकान पांघरल्यागत वाटंल.” मग हेमाताईकडे बघून, अगदी हळू, “ताई, उसवून ती तेवढी काढून द्याल का? बाकी ठेवा तुमच्याकडं.”

तो रागावला असता तर बरं झालं असतं.

तो गेल्यावर हेमाताईने एक टाका वरून ओढला. टाका निघाला, पण त्याच्याबरोबर मी फाटले. दुसरा ओढला, आणखी फाटले. मी इतकी विरले होते की त्या टाक्यांवरच उभी होते. मला बाहेर काढायचं तर माझ्या चिंध्या होणार, आत ठेवायचं तर विक्रमला मी मिळणार नाही. हेमाताईने सुई डबीत ठेवली आणि झाकण लावलं.

“यापुढे कुणाच्या साड्या घ्यायच्या नाहीत,” ती म्हणाली. “उशांचे अभ्रे शिवीन. अभ्र्यात कुणाची आई नसते.”

बाबा उठून, भिंतीला पाठ लावत, तिच्यासाठी पाणी घेऊन आले. यावरून काय ते समजा.

ऋतुजा गोधडीभोवती दोन फेऱ्या मारून आली. “काढायची कशाला? दाखवायची,” ती म्हणाली. “वरची साडी तेवढ्यापुरती कापू. खिडकीसारखी. आतली दिसेल.”

“पुऱ्या झालेल्या गोधडीला कात्री लावत नाहीत.”

“का?”

“नाही लावत.”

“पण का?”

“माझी आई लावायची नाही.”

“तिला कधी लावायची वेळ आली होती का?”

“तू वकील हो,” बाबा म्हणाले. “समोरचा पुरावा बघून नाही, कंटाळून कबूल करेल.”

हेमाताईने डबीचं झाकण काढलं. मग ती गुडघ्यांवर बसली आणि तिचा हात सरळ डोक्याकडच्या बाजूला, उजव्या अंगाला गेला. “पदर इथे आहे,” ती म्हणाली. मी आतून ओरडून सांगणार होते, पण गरजच पडली नाही.

या वेळी त्यांनी टाके ओढले नाहीत. गोधडी उलटी केली, पाठीकडून त्या खिडकीपुरता एकेक टाका कापला आणि दोरा केस काढावा तसा अलगद उचलला. पाठीची साडी दणकट होती, तिला काही झालं नाही आणि मलाही नाही. मग गोधडी सुलटी केली. हेमाताईने कात्री टेकवली, मागे घेतली आणि ऋतुजाला दिली. ऋतुजाने वरची साडी चिमटीत उचलली, म्हणजे मला लागू नये, आणि पहिला काप घेतला.

आणि उजेड आला. मला वाटलं सूर्य आहे. ट्यूबलाइट होती. तिच्याखाली चार कपाळं एकमेकांना चिकटलेली, कारण स्पृहा आणि वल्लरीही दोरे ओवून द्यायला बसल्या होत्या.

“काकू, इथे डाग आहे. धुवायचा का?” वल्लरीने विचारलं.

“राहू दे,” हेमाताई म्हणाली. “तो तिचा आहे.”

कापलेल्या कडा आत दुमडून शिवल्या. माझ्यावर हिरव्या दोऱ्याने बारीक, दाट टाके घातले, म्हणजे मी पुन्हा फाटायला नको. मधल्या दोन ओळी ऋतुजाच्या आहेत. त्या कुठून निघतात आणि कुठे पोचतात ते सांगता येत नाही. हेमाताईने त्या उसवायला सुई उचलली, थोडा वेळ बघितलं, आणि तशाच ठेवल्या.

विक्रम आला तेव्हा दारातूनच म्हणाला, “निघाली का?” हेमाताईने गोधडी पुढे केली. तो जमिनीवर बसला, मांडीवर घेतली, आणि ती खिडकी त्याला दिसली. त्याने माझ्यावर तळहात ठेवला. टेम्पो चालवून, पोती उचलून त्याचा हात पार खरखरीत झालाय, पण मी ओळखला.

“हा झेंडूचा,” तो म्हणाला. मग त्याने डागावरून अंगठा फिरवला. “म्हातारी म्हणायची, हा डाग गेला तर मी वळखायची कशी कोणती साडी.” आणि तो हसला. हेमाताईही हसली, तेव्हा कुठे तिने खुर्ची ओढून घेतली.

“ताई, माझी बहीण हाय सासवडला. तिच्याकडं आईची निळी हाय, अशीच विरलेली. करून द्याल?”

“नाही, मी आता साड्या…” हेमाताईने वाक्य तिथेच सोडलं. तेवढ्यात खालून वॉचमनच्या शिट्ट्या सुरू झाल्या. विक्रमने टेम्पो गेटात आडवा लावला होता. “तो काढून येतो. तोवर विचार करा,” असं म्हणून तो जिना उतरला.

मित्रांनो, टेम्पो सरळ होईपर्यंत माझ्याकडे थोडाच वेळ आहे, म्हणून घाईत सांगते. तुमच्या घरी जुना कपडा बाजूला काढाल तेव्हा तो किती चांगला आहे एवढंच बघू नका. तो कोणी, कुठे, कशाला वापरला ते घरातल्यांना विचारा. भारी कपडे स्वतःची काळजी घ्यायला लावतात, त्यांना डबे असतात, डांबराच्या गोळ्या असतात. आमच्यासारख्यांना विचारणारं माणूस लागतं. आणि विचारायला लाजू नका. मी आता विक्रमच्या डोक्याशी असेन, खिडकी उघडी ठेवून. माझं चांगलं चाललंय.

इकडे हेमाताई गोधडीची घडी घालत होती, खिडकी वर येईल अशी. “काय सांगू त्यांना?” ती म्हणाली. “पुन्हा चुकलं तर?”

बाबा पेपर खाली ठेवत होते, म्हणजे काहीतरी बोलणार होते. पण ऋतुजा त्यांच्या आधी हॉलच्या मधोमध येऊन उभी राहिली, वक्तृत्व स्पर्धेत राहते तशी.

“आईबाबा, ऐका. मी ठरवलंय. शनिवारचा क्लास मी रविवार सकाळच्या बॅचला घेतेय, सरांना विचारून झालंय. शनिवारी गिऱ्हाइकं कधीही येवोत, मी घरी असणार. निळी साडी आपण घेतोय. गिऱ्हाइकांशी बोलायचं काम माझं, शिवायचं आईचं, आणि बाबा, चहा तुमचा.”