मंगळीच्या हातची देवी

तीन वाजता पडद्यावर चौक उमटायचा होता. अडीच वाजत आले, तरी कविताच्या पोटातली गोष्ट ओठावर येत नव्हती.

जव्हारच्या त्या सभागृहाच्या सगळ्या खिडक्यांना काळं कापड ठोकलं होतं. बाहेर रणरणतं ऊन आणि आत मिट्ट काळोख, त्यामुळे दारातून शिरणारा जो तो क्षणभर चाचपडत होता. पुढच्या दोन रांगा मुंबईच्या पाहुण्यांसाठी ठेवल्या होत्या. त्यांत नाटकांच्या मागच्या पडद्यावर उजेडाने चित्रं उमटवणारे एक मोठे कलाकार होते. त्यांना काम पसंत पडलं तर कविताला त्यांच्याबरोबर वर्षभर काम करता येणार होतं. मागच्या रांगांत सूर्यमाळकडच्या पाड्यावरची माणसं होती. चार जिपा खच्चून भरून आली होती.

कविताने आजवर काय नाही केलं? खोडाळ्याजवळच्या एका शाळेची साठ फुटांची भिंत तिने एकटीने परांचीवर चढून रंगवली होती. लिनोच्या रबरी तुकड्यावर कोरून कागदावर ठसे काढले होते. हंडे डोक्यावर घेतलेल्या बाया डोंगर उतरतात, असं दोन मिनिटांचं हलतं चित्र केलं होतं. त्या दोन मिनिटांसाठी नऊशे चित्रं काढली होती. ते बघून पाड्यावरची पोरं ओरडली होती, "आरे, ही तर लाडक्याची आजी! अशीच लंगडते!"

आजचं काम मात्र वेगळं होतं. तिची आत्या पोशी ही धवलेरी. लग्नात देवीची गाणी गाऊन लग्न लावणारी बाई ती धवलेरी. पोशी रंगमंचावर उभी राहून गाणार, आणि मागच्या बारा फुटी पडद्यावर लग्नाचा चौक, लग्नघराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने असतो तो, उजेडाने रेघ रेघ करत लिहिला जाणार. चौक काढत नाहीत, लिहितात. त्याच्या मधोमध देवी बसते. आणि ती देवी लिहायची ती सवाशिणीनेच, जिचा नवरा हयात आहे अशा बाईने.

कविताचा नवरा कमलेश दोन वर्षांपूर्वी विहिरीच्या कामावर दरड कोसळून गेला होता.

म्हणूनच दोन महिन्यांपूर्वी पोशीने आधी विचारलं होतं, "चौक लिहला कुनी?"

"मीच, आत्या. पण सहा वर्षांपूर्वी कोरलेला ठसा आहे. हे होते तेव्हाचा."

पोशीने दिवसभर विचार केला होता. संध्याकाळी म्हणाली होती, "तवाचा हात सवाशिणीचा. मी गाईन."

इथवर सगळं खरं होतं. पण तो ठसा बारा फुटांचा करून बघितला, तेव्हा मधली देवी पुसट निघाली. लिनो तिथेच झिजला होता. चौकाच्या कडा, शिडी, फणी, सूर्य सगळं ठसठशीत, आणि देवीच्या जागी नुसता धुरळा. कविताने कॉम्प्युटरला जोडायची काळी पाटी घेतली, तिची काडी घेतली आणि देवी नव्याने काढली. तिला वाटलं, ना भिंत, ना शेण, ना तांदळाचं पीठ. पाटीवर काडी फिरवली ते काय लिहिणं? कुणाला सांगायची गरजच तिला वाटली नाही.

पण आता रंगमंचामागच्या खोलीत पोशी आली, तिने सुपातले मूठभर तांदूळ लॅपटॉपपुढे ठेवले, पदर डोक्यावर घेतला आणि हात जोडले. ते बघून कविताला राहवलं नाही.

"आत्या," ती म्हणाली, "मधली देवी मी परत काढली आहे. जुनी दिसत नव्हती."

पोशीचे हात तसेच जोडलेले राहिले. "कवा?"

"गेल्या महिन्यात."

 पोशीने एक एक करत तांदूळ पुन्हा सुपात भरले. एक दाणा टेबलाच्या फटीत अडकला, तोही नखाने काढला. मग म्हणाली, "मला घरी घेऊन चल. मी नाय गानार."

कार्यक्रमाची जबाबदारी घेतलेला उमेश मास्तर दारातच उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. "आत्या, असं करू नका! वीस मिनिटं राहिलीत. लोक येऊन बसलेत."

"बसूंदे. मी त्यांना उठवला नाय."

उमेश कविताच्या कानाशी आला. "कालच्या तालमीचा आवाज आहे आपल्याकडे. तोच लावू. आत्या नुसत्या उभ्या राहिल्या तरी चालेल."

म्हातारीचे कान तिखट होते. "मी काय बुजगावना हाय का रं, मास्तर? नुसती उभी ऱ्हायला?"

उमेशची नजर कवितावर खिळून राहिली. आवाज लॅपटॉपमध्ये होता, चित्र लॅपटॉपमध्ये होतं. कविताने नुसतं एक बटण दाबायचं होतं. बाहेर पाड्यावरची चाळीस माणसं होती. त्यांना आत्या दिसली नसती, पण आत्याचा आवाज ऐकू आला असता, आणि तो तिने दिलेला नसता.

"नाही," कविता म्हणाली. "आवाज नाही लावायचा. आत्या, मी देवी काढून टाकते. नुसता चौक दाखवू."

"रिकामा चौक? नवरीवाचून मांडव घालशील?" पोशीने सूप काखेत मारलं. दारापर्यंत गेली आणि तिथेच थबकली. बाहेर तिला तिची माणसं दिसत असावीत. वळून म्हणाली, "सवाशीण बघ. तुझ्या त्या पाटीवर लिहू दे तिला."

कविताची भावजय मंगळी कार्यक्रमात पुढे नाचणाऱ्या बायांचे अंबाडे बाहेर घालत बसली होती. पाड्यावरच्या किती लग्नांत तिने भिंतीवर चौक लिहिला होता. तिला आत ओढून आणलं, तर ती भेदरलीच.

"मी? आगे, मी फोन लावायला पन पोरीला सांगते!"

"लिही," पोशी म्हणाली.

मंगळीने काडी हातात घेतली, टोक बघितलं. "हिला पीठ लागत नाय?"

"नाही वयनी. नुसती फिरव."

मंगळीने जोर लावून रेघ ओढली. पाटी काळीच्या काळी. "काय उमटत नाय गे."

"तिथं नाही, वर बघ. लॅपटॉपवर उमटतंय."

"हात खाली नि डोला वर? मग म्हशीवर बसून तिची शेपटी धरू का?"

कुणी हसलं नाही. लॅपटॉपवर एक रेघ विजेसारखी तिरपी गेली होती. "ती मी पुसते," म्हणत कविता पुढे झाली.

"हात मागं!" पोशी ओरडली. "लिहलेला पुसायचा नाय. भिंतीवर पुसतेस का?"

कविताने हात मागे घेतला आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली. आता खरी परीक्षा तिची होती. तिला दिसत होतं की मंगळी देवीची कंबर फार खाली आणते आहे. दिसत होतं की डावा हात आखूड होतो आहे. मंगळीच्या मनगटाला नुसतं एक बोट लावलं असतं तर रेघ सरळ आली असती. आणि हे तर आणखीच वाईट होतं, की ती पाटी नुसतं चित्र धरत नव्हती. हात कुठे थांबला, किती थांबला, तेही सगळं धरत होती. पडद्यावर मंगळीचं अडखळणंही जसंच्या तसं दिसणार होतं.

बाहेर लोक टाळ्या वाजवायला लागले. उशीर झाल्याच्या टाळ्या होत्या त्या. उमेश माईकवरून जव्हार-मोखाड्याच्या थोरवीबद्दल काहीबाही सांगत वेळ मारून नेत होता. मंगळीच्या कपाळावरून घाम ओघळून पाटीवर पडला. देवीच्या डाव्या हाताशी ती थांबली. काडी वर धरून बसली.

"ह्याच्या म्होरं काय करू?"

"घरी काय करतेस?" पोशीने विचारलं.

"घरी मी बघत नाय. तू गातेस, मी लिहते."

पोशीने हळूच, ओठांतल्या ओठांत एक ओळ धरली. मंगळीने लॅपटॉपकडे बघायचं सोडून दिलं, डोळे खाली वळवले आणि राहिलेली देवी एका दमात लिहून काढली.

कविताने बघितलं. देवी एका अंगाला कलली होती. पोशीनेही बघितलं, बराच वेळ. मग सुपातले तांदूळ पुन्हा लॅपटॉपपुढे ठेवले. "चल," म्हणाली, आणि रंगमंचाकडे निघाली.

कविताने आपली देवी काढून टाकली, त्या जागी मंगळीची देवी बसवली आणि लॅपटॉप उचलून हॉलच्या मागे, प्रोजेक्टरपाशी नेला. तीन वाजून अकरा मिनिटांनी उजेड पडला. पोशीचा आवाज चढला. पडद्यावर चौकाची पहिली कड धावली, मग दुसरी. शिडी आली, फणी आली. पुढच्या रांगेतल्या माना वर झाल्या. देवी यायला अजून दोन कडवी होती.

उमेश अंधारातून तिच्याजवळ आला. त्याने लॅपटॉपच्या कोपऱ्यात ती कललेली देवी बघितली. "कविता, हे सगळ्यांसमोर जाणार? निदान तो हात तरी सरळ कर. तुला किती वेळ लागतो?"

फार तर दहा सेकंद. माऊसने रेघ पकडायची आणि ओढायची. कविताचा हात माऊसवरच होता. पुढे बसलेला तो मोठा कलाकार तिला पाठमोरा दिसत होता. त्याला काय ठाऊक, कुणाचा हात, कुणाची देवी. तो म्हणेल, हिला साधी आकृती तोलता येत नाही.

"मास्तर, सरळ करायला हात कुणाचा लागेल?" ती म्हणाली.



देवी आली. आधी ती विजेसारखी तिरपी रेघ बारा फुटांवर लखकन गेली. मागच्या रांगेत कुणीतरी श्वास ओढला. मग कंबर, मग खांदा. आणि डाव्या हाताशी रेघ थांबली. पडदा गोठल्यासारखा झाला. एक, दोन, तीन. पुढे कुजबुज सुरू झाली. उमेशने कपाळाला हात लावला. कविताने माऊसवरचा हात काढून घेतला.

पोशी पडद्याकडे पाठ करून उभी होती. तिने वळूनही बघितलं नाही. मंगळी कुठे अडली होती ते तिला ठाऊक होतं. तिने सूर तिथेच लांबवला, लांबवत नेला, आणि मग ती ओळ धरली. तशी रेघ हलली. पुढची सगळी देवी त्या आवाजामागे धावत आली आणि चौकात उभी राहिली, आखूड हाताची, एका अंगाला कललेली, भली मोठी.

पाड्यावरच्या बाया उठून उभ्या राहिल्या. एकेकीने पदर डोक्यावर घेतला. त्यांच्यातून मंगळीचा आवाज आला, हळू बोलायचा म्हणून बोललेला, पण सगळ्या हॉलला ऐकू गेलेला, "आये! केवढी झाली गे!"

पुढच्या रांगेतला तो कलाकार मान वळवून मागे, प्रोजेक्टरकडे बघत होता. अंधारात त्याचा चेहरा दिसत नव्हता. कविताने बघायचा यत्नही केला नाही. अजून एक कडवं राहिलं होतं, आणि चौकाच्या उजव्या अंगाला चंद्र वेळेवर यायला हवा होता.