मिस्त्रीच्या घरचं मऊ पाणी

देवाने पाणी सगळ्यांनाच दिलं, पण त्या गावाला देताना त्याचा हात जरा सैल सुटला आणि पाण्यासोबत दगडही देऊन बसला. साबण कितीही घासा, फेस म्हणून यायचा नाही. पेल्यांवर पांढरे डाग, बादलीला पांढरं कडं, किटलीच्या पोटात चुन्याचा थर. सगळं गाव नळाला शिव्या घालायचं. एकटा गिझरमिस्त्री मात्र नळाला हात जोडायचा. जोडणारच! घरोघरच्या गिझरची कॉइल वर्षभरात क्षाराने माखून बसायची, आणि ती साफ करायला गावात त्याच्याशिवाय दुसरं कोणी नव्हतं.

"पाणी वाईट आहे म्हणून आपलं बरं चाललंय," तो बायकोला सांगायचा.

ती ऐकून घ्यायची. वाटाणे तासन् तास शिजवायची, पुठ्ठ्यासारखे वाळलेले कपडे झटकून झटकून घडी करायची आणि ऐकून घ्यायची. पण एका सकाळी तिने कंगव्यातला केसांचा पुंजका त्याच्यासमोर धरला.

"बघा. या पाण्याने माझं डोकं भादरायची वेळ आणलीय."

मिस्त्री पिशवीत पाना शोधत होता. मान वर न करता म्हणाला, "थर जमण्यापेक्षा गळलेलं बरं."

हसू त्याचं त्यालाच आलं. तिने बॅग भरली. दारात उभी राहून म्हणाली, "भावाकडे जाते. तिथलं पाणी मऊ आहे. इथलं होईल त्या दिवशी कळवा."

पहिला आठवडा मिस्त्री तावातच होता. मागच्या गल्लीत राहणाऱ्या ताईकडे जाऊन त्याने गाऱ्हाणं घातलं, "पाण्यावरून कोणी घर सोडतं का गं?"

"पाण्यावरून कोण सोडेल?" ताई म्हणाली. "तुझी जीभ बघ आधी. त्या कॉइलींपेक्षा खरखरीत झालीय."

आता जिभेचा इलाज काही मिस्त्रीला येत नव्हता, नळाचा येत होता. माणूस बिचारा येतं तेच करतो. दुसऱ्या आठवड्यात त्याने पाणी मऊ करायचं यंत्र आणलं. हीच ती निळी टाकी, जिला तो इतकी वर्षं गिऱ्हाइकांसमोर 'निव्वळ फसवाफसवी' म्हणत आला होता. म्हणून हातगाडीवर चादर पांघरूनच आणली. समोरच्या दुकानदाराने लगेच हटकलं.

"काय मिस्त्री, कपाट का?"

"कपाटच."

"वा! आणि कपाटाला नळ कशाला?"

मिस्त्रीने दार लावून घेतलं. यंत्र बसवलं. मग वाटलं, करायचंच तर अर्धवट कशाला? कॉइली ज्या अ‍ॅसिडने धुवायचा, तेच पातळ करून त्याने घरातल्या सगळ्या नळ्यांमध्ये सोडलं आणि दुपारभर ठेवलं. नंतर नळ उघडले तर ताकासारखा पांढरा गाळ धो धो बाहेर पडला. वडिलांच्या काळापासूनचं पाप धुऊन निघाल्यासारखं त्याला वाटलं. मग पाणी स्वच्छ झालं. हातावर साबण लावला, आणि काय तो फेस!

त्याने लगेच फोन लावला. "पाणी लोण्यासारखं झालंय. ये."

"उद्या सकाळच्या गाडीने निघते," ती इतकं पटकन म्हणाली, की आपण आधीच का नाही बोलावलं असं त्याला वाटून गेलं.

फोन खाली ठेवला आणि स्वयंपाकघरात आवाज आला. टप्.

मोरीखालचा जोड गळत होता. तो आवळला तर न्हाणीतला सुटला. न्हाणीतल्याला टेप गुंडाळली तर पलंगामागची भिंत पाझरायला लागली. मिस्त्रीने नळीवर बोट फिरवलं, तर गंजाचा पोपडाच हातात आला. नळ्या केव्हाच गंजून संपल्या होत्या. इतकी वर्षं पाणी धरून ठेवलं होतं ते क्षाराने. ज्याला तो जन्मभर खरवडत आला, त्याच्याच कृपेने त्याचं घर कोरडं होतं.

मुख्य नळ बंद करावा तर मऊ पाण्यासाठी येणाऱ्या बायकोला घरात पाणीच नाही. म्हणून त्याने तो चालू ठेवला आणि हाताला लागेल ते भांडं थेंबांखाली लावलं.

ती आली तेव्हा जमिनीवर पाय ठेवायला जागा नव्हती. डोक्याला रुमाल बांधलेला, हातात बॅग. पातेली, डबे, तांब्या यांच्यावरून तिची नजर फिरली.

"अहो, हे काय मांडलंय?"

"तू आधी हात धू," मिस्त्री म्हणाला. "फेस बघ."

तिने हात धुतले. फेस खरंच आला. तोंडावर पाणी मारताना रुमाल घसरला, आणि मिस्त्रीचा चेहरा उतरला. केस गेल्या वेळेपेक्षाही विरळ झाले होते.

"तिथलं पाणीही जड निघालं?"

"नाही हो. चांगलं मऊ आहे. केस तिथेही गळतच होते." ती रुमाल पिळत राहिली. "वहिनीने डॉक्टरीणबाईंकडे नेलं. रक्त कमी आहे म्हणाल्या. गोळ्या दिल्यात."

"मग कळवलं का नाहीस?"

"काय कळवू? पाण्याचा दोष नव्हता म्हणून? तुम्ही म्हणाला असता, बघ, मी सांगत होतो." तिचा आवाज बारीक झाला. "तुम्ही बोलवाल, याची वाट बघत होते."

मिस्त्रीच्या जिभेवर एक फक्कड उत्तर आलं होतं. चारचौघांत सांगितलं तर टाळी मिळावी असं. त्याने ते गिळलं. आयुष्यात पहिल्यांदाच गिळत असल्यामुळे जरा वेळ लागला.

"गोळ्या जेवणाआधी घ्यायच्या की नंतर?" त्याने विचारलं.

"नंतर," ती म्हणाली, आणि बॅग आतल्या खोलीत नेऊन ठेवली.

बाहेर येऊन तिने विचारलं, "आणि या गळतीचं काय?"

"भिंती फोडून नळ्या बदलायच्या. नाहीतर यंत्र काढून टाकायचं. सहा महिन्यांत क्षार बसेल, आपोआप बुजेल."

"भिंती नका फोडू. काढा यंत्र. पण तोवर ही भांडी कोण उपसणार?"

"मी."

"मग उठा," ती म्हणाली. "पलंगाखालचं पातेलं भरलंय."